कोंबडी खताचा धंदा: फुकट मिळतंय म्हणून लगेच उचलू नका



"सर, आमच्या शेजारी पोल्ट्री आहे. मालक म्हणतो खत फुकट घेऊन जा. गोणीत भरून विकलं तर किती सुटतील?" ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. व्हिडिओत मी याचं उत्तर बारा-तेरा मिनिटांत दिलंय, पण त्यात हिशोब नीट बसला नाही आणि माझी स्वतःची चूक तर सांगायचीच राहिली. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी चूकच सांगतो. माझं दुकान पोल्ट्रीच्या साहित्याचं. फीडर, ड्रिंकर, ब्रूडरचे बल्ब, शेडचे पडदे, असा माल. गिऱ्हाईक सगळं पोल्ट्रीवालं, त्यामुळे बॅच निघाली की लिटरचं काय करायचं हे रडगाणं रोज कानावर. मी बीबीए केलेला माणूस, डोक्यात लगेच गणित सुरू: एका बाजूला ज्याला माल नकोय तो, दुसऱ्या बाजूला ज्याला हवाय तो, मध्ये मी. दोन शेडचं लिटर उचललं, दुकानामागच्या मोकळ्या जागेत ढीग मारला, जुन्या खाद्याच्या गोण्यांत भरलं आणि विकायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांत दोन गोष्टी झाल्या. जूनचा पहिला पाऊस ढिगावर पडला आणि आठ-दहा दिवसांत माशांनी आळी भरून गेली. शेजारच्या वहिनींनी चहाच्या कपावर बशी झाकून चहा आणून दिला, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण बशीच बोलली. मग ग्रामपंचायतीत तक्रार गेली.

दुसरी गोष्ट जास्त लागली. आमच्याकडचे एक जुने शेतकरी, त्यांना मी काका म्हणतो, 40 गोण्या घेऊन गेले होते. नवीन मिरची लावली होती. त्यांनी रोपाच्या बुडाशी मूठ-मूठ टाकलं आणि ठिबक सोडलं. आठव्या दिवशी दुकानात आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक रोप काउंटरवर ठेवलं. पानं कडेने करपलेली, मुळं तपकिरी. म्हणाले, "बघ बाबा, तूच सांग काय झालं ते." मला सांगता आलं नाही. कारण मी जे विकत होतो ते काय आहे हेच मला माहीत नव्हतं. गोण्यांचे पैसे परत दिले, रोपांचे पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. आणि त्यानंतर दोन वर्षं दुकानातही आले नाहीत.

तर, ते रोप का जळलं, तिथून सुरुवात करू. ते कळलं की अर्धा धंदा कळला.

गोणीत नेमकं असतं काय

कोंबडी गाई-म्हशीसारखी वेगळी लघवी करत नाही. विष्ठेवर पांढरा चुनखडीसारखा भाग दिसतो ना, तो युरिक अ‍ॅसिड. ताज्या कोंबडी खतातलं साधारण 60 टक्के नत्र या युरिक अ‍ॅसिडमध्ये असतं. ओलावा मिळाला की जिवाणू त्याचा आधी युरिया करतात आणि युरियाचा अमोनिया. शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरतात तो हाच अमोनिया. म्हणजे कच्चं कोंबडी खत रोपाच्या बुडाशी टाकून पाणी सोडणं म्हणजे कोवळ्या मुळांजवळ अमोनियाची भट्टी लावण्यासारखं आहे. त्यात खाद्यातलं मीठही विष्ठेत उतरलेलं असतं, क्षार वाढतात आणि मूळ पाणी ओढू शकत नाही. काकांची मिरची अशी गेली.

पण हेच खत नीट कुजवलं तर सोनं आहे, हेही तितकंच खरं. कृषी विद्यापीठांच्या पुस्तकांत कोंबडी खतात साधारण 3 टक्के नत्र, 2.6 टक्के स्फुरद आणि 1.4 टक्के पालाश दिलेलं असतं. शेणखतात नत्र अर्धा टक्का, स्फुरद 0.2 टक्के. म्हणजे नत्रात सहापट. मात्र हा आकडा चांगल्या, सांभाळलेल्या खताचा आहे. उघड्यावर टाकून दिलेल्या कोंबडी खतातलं निम्मं नत्र 30 दिवसांत हवेत उडून जाऊ शकतं. उन्हापावसात पडून असलेल्या ढिगाला "जुनं खत आहे, चांगलं मुरलंय" म्हणून जास्त भाव देणारे लोक मी पाहिलेत. ते मुरलेलं नसतं, नुसतं उडून गेलेलं असतं.

आणखी एक फरक लक्षात घ्या, कारण माल घेताना यातच फसायला होतं. ब्रॉयलरच्या शेडमधून मिळतं ते लिटर, म्हणजे खाली अंथरलेलं भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा आणि त्यात मिसळलेली विष्ठा. हे बऱ्यापैकी कोरडं असतं. लेअरच्या, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांच्या पिंजऱ्याखाली पडते ती निव्वळ विष्ठा. एक लेअर कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास विष्ठा टाकते आणि त्यात पाऊण हिस्सा पाणी असतं. टनाच्या भावाने पिंजऱ्याखालचा ओला माल उचलला तर तुम्ही 750 किलो पाणी विकत घेताय, वर त्याचं गाडीभाडंही देताय. मूठभर घ्या आणि दाबून बघा. बोटांतून पाणी निथळलं तर भाव पाडून मागा, नाहीतर सोडून द्या.

ढीग कसा लावायचा

"कंपोस्ट म्हणजे ढीग मारून विसरून जायचं" असं नाही. जिवाणूंना चार गोष्टी लागतात: कर्ब, नत्र, पाणी, हवा. कर्ब आणि नत्राचं प्रमाण सुरुवातीला 25 ते 30 ला 1 असं असलं की काम झकास चालतं. निव्वळ कोंबडी विष्ठेत ते 10 च्या आत असतं, म्हणजे नत्र प्रचंड आणि कर्ब कमी. जास्तीचं नत्र जिवाणूंना वापरता येत नाही आणि अमोनिया होऊन उडतं. तुम्हाला येणारा वास म्हणजे तुमचा पैसा हवेत चाललाय, असं समजा. उपाय सोपा आहे, कर्बाचा कोरडा माल मिसळायचा. गव्हाचा भुसा, सोयाबीनचं कुटार, मक्याची कुट्टी, उसाचं पाचट, लाकडाचा भुसा, जे तुमच्या भागात स्वस्त मिळेल ते. नुसत्या तुसावर विसंबू नका, तूस फार हळू कुजतं.

आता पाण्याचं गणित. ढिगात ओलावा 50 ते 60 टक्के हवा. लेअरचा माल 75 टक्के ओला असतो. एक टनात साधारण 300 किलो कोरडा भुसा किंवा कुट्टी मिसळली की ओलावा 60 टक्क्यांवर येतो. ब्रॉयलरच्या लिटरचं नेमकं उलटं. ते 30 टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे एक टनाला 400 लिटर पाणी घातलं तर कुठे 50 टक्के होतं. इथे बरेच जण गोंधळतात. कोरडं लिटर महिनोन् महिने ढिगात पडून राहतं, वास येत नाही, माशा नाहीत, मालक म्हणतो कुजलं. कुजलेलं नसतं, झोपलेलं असतं! पाणी मिळालं की जागं होतं, आणि ते पाणी तुम्ही ढिगात दिलं नाही तर शेतकरी शेतात देतो. माझ्या 40 गोण्या अशाच झोपलेल्या होत्या.

ढीग लांबट लावा. सहा-सात फूट रुंद, चार फूट उंच, लांबी जागेनुसार. जमीन चोपून घट्ट केलेली आणि थोडी उंचावर, विहीर-ओढ्यापासून लांब. वर पत्रा असेल तर उत्तम, नसेल तर पावसात ताडपत्री. बाजूने चर काढा म्हणजे वाहतं पाणी ढिगात शिरणार नाही आणि ढिगातलं काळं पाणी शेजाऱ्याच्या रानात जाणार नाही.

दोन-तीन दिवसांत ढीग तापायला लागतो. लांब दांड्याचा थर्मामीटर मिळतो, तो घ्याच. नसेल तर लोखंडी सळई आत खुपसून ठेवा, दहा मिनिटांनी ओढून हातात धरा. धरवत नसेल तर ढीग चालू आहे. 55 अंशांच्या वर उष्णता टिकली की रोगजंतू, तणाचं बी, माशांच्या अळ्या मरतात. उघड्यावरच्या ढिगासाठी जगभर वापरला जाणारा निकष असा: 55 अंशांच्या वर 15 दिवस, आणि त्या काळात किमान पाच वेळा पलटी. पलटी का, तर ढिगाची बाहेरची कड कधीच तापत नाही, ती आत जायला हवी. 70 अंशांच्या वर गेलं तर कामाचे जिवाणूच मरतात, तेव्हा लगेच पलटी मारा आणि पाणी द्या. साधारण दीड-दोन महिने हे काम, नंतर तीन-चार आठवडे ढीग नुसता मुरू द्यायचा. घाई केली की हुमणी आणि तक्रारी दोन्ही शेतात जातात.

चुन्याबद्दल एक गोष्ट, कारण यावर माझे बऱ्याच जणांशी वाद झालेत. "वास येतोय, चुना मार." हे चुकीचं आहे. शेड रिकामं करून, धुऊन मग फरशीला चुना मारणं वेगळं, ते करावंच. पण खतात चुना मिसळला की त्याचा सामू वाढतो आणि खतात धरून ठेवलेला अमोनिया उलट जोरात सुटतो. वास कमी करायचा तर भुसा वाढवा किंवा जिप्सम अथवा सिंगल सुपर फॉस्फेट थोडं भुरभुरा. ते अमोनिया धरून ठेवायला मदत करतात.

माशी सात ते दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण तयार होते, गरम हवेत. एक मादी एका वेळी शंभरभर अंडी घालते, आणि तिला त्यासाठी ओलं, न तापलेलं खत लागतं. त्यामुळे आठवड्याच्या आत पलटी आणि ढिगाच्या बुडाशी सांडलेलं ओलं खत रोज खरवडून आत टाकणं, इतकंच केलं तरी माशांचं चक्र तुटतं. औषध फवारून मी दोन हजार रुपये घालवले होते. फावड्याने तेच काम होतं.

तयार झालं कसं ओळखायचं? रंग काळपट, वास पावसाच्या मातीचा, ढीग पलटी मारूनही पुन्हा तापत नाही. तरी दोन चाचण्या करा. ओलसर खत जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा आणि तीन दिवसांनी उघडा. पिशवी फुगली किंवा उग्र वास आला तर कच्चं आहे. दुसरी, एका कुंडीत निम्मी माती-निम्मं खत आणि दुसरीत नुसती माती, दोन्हीत वीस-वीस मुगाचे दाणे टाका. खताच्या कुंडीत निम्मे उगवले नाहीत तर ती बॅच विकायची नाही. वीस मुगांनी माझं एक गिऱ्हाईक वाचलं असतं.

आता हिशोब, ज्यात सगळे फसतात

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातले भाव घालून पुन्हा करा.

समजा 10 टन लिटर उचललं, 2,500 रुपये टनाने 25,000. भरणं, गाडीभाडं, उतरवणं 8,000. पलट्या मारायला ट्रॅक्टर-लोडर आणि मजुरी 9,000. ताडपत्री, पाणी, जागेचा वाटा 3,000. झाले 45,000. आता नवीन माणूस काय करतो, 10 टन म्हणजे 50 किलोच्या 200 गोण्या, एका गोणीचा खर्च 225. वर गोणी, चाळणं, भरणं-शिवणं 35. झाले 260. बाजारात 350 ला विकू, गोणीमागे 90 सुटले, 200 गोण्यांचे 18,000. पार्टी!

पण ढिगातले जिवाणू फुकट काम करत नाहीत, ते खतातला कर्ब खातात. 10 टन लिटरमध्ये 30 टक्के पाणी धरलं तर कोरडा भाग 7 टन. त्यातला तीसेक टक्के भाग कुजताना वायू होऊन जातो, राहिले 4.9 टन. विकताना 25 टक्के ओलावा धरला तर माल भरतो साडेसहा टन. म्हणजे 130 गोण्या, 200 नाही. 45,000 भागिले 130 म्हणजे 346, अधिक 35, एक गोणी पडली 381 ला. 350 ला विकली की प्रत्येक गोणीमागे 31 रुपये घरचे गेले. आणि गंमत बघा, जितकं जास्त विकाल तितकं जास्त नुकसान, पण हातात रोज रोकड फिरत असते म्हणून ते कळतच नाही. मी पहिलं वर्ष असंच "चांगलं चाललंय" म्हणत काढलं.

मग भाव वाढवा, असं तुम्ही म्हणाल. किती वाढवता येईल ते शेतकऱ्याच्या बाजूने बघू. तयार कंपोस्टमध्ये 2 टक्के नत्र, 2 टक्के स्फुरद धरू. एका टनात 20-20 किलो. 20 किलो स्फुरद डीएपीमधून घ्यायचं तर 43.5 किलो डीएपी लागतं. 1,350 रुपयांच्या 50 किलोच्या गोणीच्या हिशोबाने 1,174 रुपये. त्यातून 7.8 किलो नत्रही मिळतं. उरलेलं 12.2 किलो नत्र युरियातून, साडेसव्वीस किलो, 45 किलोची गोणी 266.50 ला धरून 157 रुपये. दोन्ही मिळून 1,331. पालाशाचे काही शे रुपये वर. आणि आपण एक टन म्हणजे 20 गोण्या 381 ने धरल्या तरी 7,620 ला पडतायत!

याचा अर्थ कोंबडी खत महाग आहे असा नाही. अनुदानाच्या रासायनिक खताशी नुसत्या नत्र-स्फुरदावर स्पर्धा करायला गेलात तर हराल, इतकाच. तुमच्या गोणीत सेंद्रिय कर्ब आहे, कॅल्शियम आहे, जस्त-तांब्यासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं आहेत, जमीन भुसभुशीत होते. ज्याला त्याची किंमत कळते आणि परवडते तोच गोणीचा गिऱ्हाईक. द्राक्षवाला, डाळिंबवाला, रोपवाटिका, शहरातली कुंड्यांची बाग. ज्वारी-बाजरीवाल्या शेतकऱ्याला 400 ची गोणी गळ्यात मारू नका. तो एकदा घेईल.

आणि "हे टाका, युरिया-डीएपी बंद करा" असं कधीही म्हणू नका. कंपोस्टमधलं नत्र पहिल्या हंगामात सगळं लागू होत नाही, बराच भाग पुढे हळूहळू सुटतो. शेतकऱ्याने खत पूर्ण बंद केलं आणि पीक पिवळं पडलं, तर शिव्या तुम्हालाच.

मी शेवटी काय केलं

गोण्या कमी केल्या. आता मी खतापेक्षा काम विकतो.

पोल्ट्रीतून माल वर्षभर निघतो, पण शेतकऱ्याला तो ठरावीक वेळी लागतो. आमच्या भागात द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी, डाळिंबाचा बहार धरण्याआधी, उसाच्या लागवडीआधी. मधले महिने माल सांभाळायचा कुणी, हा खरा प्रश्न. जागा माझी, वास माझा, शेजारी माझे! मग सुचलं की शेतकऱ्याला खत तीन महिन्यांनी लागणारच आहे तर ढीग त्याच्याच बांधावर का लावू नये. आता जुलैत ट्रॉली थेट द्राक्षवाल्याच्या रानात जाते. त्याचंच पाचट किंवा कुटार, त्याचंच पाणी. ढीग आम्ही लावतो, पलट्यांना आमचा माणूस ठरलेल्या दिवशी जातो, तापमानाची नोंद वहीत होते. ऑक्टोबरला खत तयार, जागेवर. गोणी नाही, शिलाई नाही, दुसऱ्यांदा गाडीभाडं नाही, आणि घटीचं नुकसान माझं नाही, कारण मी पैसे टनावर नाही, ढिगाच्या कामावर घेतो. निम्मे आगाऊ, निम्मे शेवटच्या पलटीला. भांडवलही कमी अडकतं. नवीन माणसाने याच पद्धतीने सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

एक पथ्य पाळतो. माती परीक्षणाचा कागद बघितल्याशिवाय त्याच रानात सलग तिसऱ्या वर्षी ढीग लावत नाही. पिकाला नत्र जास्त लागतं, स्फुरद कमी, आणि या खतात दोन्ही जवळपास सारखं. नत्राच्या हिशोबाने दरवर्षी टाकत राहिलं की स्फुरद जमिनीत साचत जातो आणि मग पिकाला जस्त-लोह मिळायला अडचण होते. एकरी टन-दोन टन पुष्कळ झालं. शेणखताच्या सवयीने पाच-सहा ट्रॉल्या ओतायच्या नसतात.

कागदपत्रं आणि रोगाची भीती

शेतकऱ्याच्या बांधावर ढीग लावून देणं वेगळं आणि नाव छापलेली गोणी दुकानात ठेवून विकणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर खत नियंत्रण आदेश, 1985 लागतो. सेंद्रिय खतंही त्यात येतात. कृषी विभागाकडून परवाना, प्रयोगशाळेचा अहवाल, गोणीवर घटकांची टक्केवारी. कर्ब-नत्र प्रमाण 20 च्या आत, क्षारता 4 च्या आत अशा अटी असतात, आणि कच्चं खत त्यात पास होत नाही. खाद्याच्या जुन्या गोणीत भरून, वर स्केचपेनने "सेंद्रिय खत" लिहून विकणं बंद करा. मीही तेच करत होतो, म्हणून सांगतोय.

पोल्ट्रीवाल्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 2021 मध्ये ती सुधारली. खत कुठे साठवलं, कुठे गेलं हे फार्मवाल्याला आता दाखवावं लागतं. हे तुमच्या फायद्याचं आहे. महिन्याला ठरलेल्या तारखेला माल उचलून पावती देणारा माणूस त्याला हवाच आहे. घासाघीस करायची तर भावाऐवजी इथे करा.

रोगाचं मात्र हलक्यात घेऊ नका. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला, 2021 मध्ये तिथे पुन्हा आला. विष्ठेतून हा विषाणू पसरतो. म्हणजे या फार्मचं खत भरलेली गाडी न धुता दुसऱ्या फार्मच्या दारात उभी करणारा माणूस स्वतःच रोगाचा टेम्पो असतो. रिकाम्या गोण्या एका फार्ममधून दुसरीकडे फिरवू नका. फार्मच्या गेटवर टायरला जंतुनाशक मारा, गमबूट वेगळे ठेवा, धूळ उडते तेव्हा पोरांना मास्क लावायला लावा. ज्या शेडमध्ये अचानक मर वाढलीय तिथलं लिटर कितीही स्वस्त मिळालं तरी त्या वेळी उचलायचं नाही. मेलेले पक्षी तर ढिगात येताच कामा नयेत, फार्मवाल्याने त्यांना खड्ड्यात पुरायचं. पक्ष्यांचे तुकडे असलेलं लिटर जनावरांच्या चाऱ्यात किंवा गोठ्याजवळ गेलं तर बोट्युलिझमने गाय-म्हैस दगावते.

औषधांचा प्रश्नही विचारला जातो. खाद्यातून दिलेल्या प्रतिजैविकांचे अंश विष्ठेत येतात. कोलिस्टिन हे औषध सरकारने 2019 मध्ये जनावरांसाठी बंद केलं. चांगल्या तापलेल्या ढिगात असे अंश कमी होतात, पण शून्य होतात असं छातीठोक सांगू नका. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या शेतकऱ्याला माल देण्याआधी त्याच्या प्रमाणीकरण संस्थेला विचारून घ्यायला सांगा. बंदिस्त पोल्ट्रीच्या खतावर तिथे बंधनं असतात आणि त्याचं प्रमाणपत्र तुमच्यामुळे जायला नको.

बायोगॅसचं विचारणाऱ्यांना थोडक्यात: होतो, पण नुसत्या कोंबडी विष्ठेवर अमोनिया वाढून प्लांट मंदावतो, शेणात मिसळून चालवावा लागतो. मोठ्या लेअर फार्मचं ते काम आहे, एक-दोन लाख भांडवलाच्या नवख्याचं नाही.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी या महिन्यात फक्त एवढं करा. एका ओळखीच्या पोल्ट्रीतून एकच टन लिटर, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर. वजन करून आत टाका आणि तयार झाल्यावर वजन करूनच बाहेर काढा. वहीत तारीख, तापमान, पाणी, पलटी आणि खर्च, अशा पाच रकाने आखा. माझी पहिली वही दुकानात अजून आहे, तिच्या पहिल्या पानावर 1,000 किलो आत आणि 640 किलो बाहेर असं लिहिलंय.

काका गेल्या दिवाळीच्या आधी आले. खत नको म्हणाले, ब्रूडरचा बल्ब हवा होता, नातवाने पन्नास गावरान कोंबड्या आणल्यात. बिल देताना विचारलं, "त्यांच्या खताचं काय करायचं रे?" दोन दिवसांनी मी थर्मामीटर घेऊन त्यांच्या रानात गेलो.